पाट्यावरून मिक्सरपर्यंत

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादक भगिनींचा निरोप आला तेव्हा मी गडबडूनच गेले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाण्याची यादी आणि भिशीची वही यापलीकडे माझ्या हातून फारसे लेखन झालेले नाही. पण मागे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्याकडे एक वाद झाला होता, तो आठवला. एक वयस्कर काकू म्हणाल्या, "मिक्सर आला आणि जेवणाची चव गेली." त्यावर एक नवी सून पटकन बोलली, "काकू, चव गेली असेल, पण कंबर राहिली की!" सगळ्याजणी हसल्या, तेवढ्यात चहा आला आणि विषय तिथेच राहिला.

माझ्या मनातून मात्र तो गेला नाही. रोज सकाळी ज्या यंत्राच्या घरघरीने आपली आळी जागी होते, ते यंत्र आले कुठून, ते येण्यापूर्वी त्याचे काम कोण करीत होते आणि ते आल्याने नक्की कोणाचे काय वाचले, हे शोधावे असे वाटले. कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीने पुष्कळशी माहिती शोधून वाचून दाखविली. उरलेली मी माझ्या आईला आणि सासूबाईंना विचारली. ती येथे जमेल तशी मांडते. चुकले माकले पदरात घ्यावे.

पाट्याचे वय किती असेल? मला वाटे, फार तर पाचसातशे वर्षांचे. पण पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव म्हणून गाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वी तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांची घरे, चुली, धान्याची पेवे सापडली आणि दळण्यावाटण्याचे दगडही सापडले. त्याहूनही जुने असे दगड सिंधू नदीच्या खोऱ्यात मोहेंजोदडोला मिळाले आहेत. मध्ये खोलगट झालेला एक दगड आणि त्यावर पुढेमागे ओढायचा दुसरा दगड. म्हणजे आपला पाटा-वरवंटाच की! गोल फिरणारे जाते त्याच्या पुष्कळ नंतर, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भागात आले, असे जाणकार सांगतात.

राज्ये आली आणि गेली, पण त्या दगडापुढे बसणारी बाई तशीच बसलेली राहिली. गुडघे मोडून, पाठ वाकवून, दोन्ही हात पुढे करून.

आपल्या लहानपणच्या घरात कितीतरी साधने असत, ती आठवून पाहा. ओल्या वाटणाला पाटा. पिठाला जाते. भात सडायला आणि तिखट कांडायला उखळ-मुसळ. वेलदोडा, सुंठ, मिरे यांना खलबत्ता. ताकाला रवी. खोबऱ्याला खवणी. प्रत्येक कामाचे साधन वेगळे आणि प्रत्येकाची बसण्याची तऱ्हाही वेगळी. एकच गोष्ट सगळ्यांना सारखी, ती म्हणजे चालविणारे हात बाईचे.

माझे माहेर करवीर तालुक्यातले. आम्ही भावंडे पाच. मी थोरली. घरात माणसे अकरा. आई पहाटे उठून भाकऱ्यांच्या मागे लागे आणि वाटण माझ्याकडे असे. खोबरे, तीळ, लसूण, आले, कोथिंबीर, भाजलेला कांदा. अकरा माणसांच्या कालवणाचे वाटण गंधासारखे मऊ करायचे म्हणजे अर्धा पाऊण तास सहज जाई. हाताला तिखट लागून आग होई. मग पाटी-दप्तर घेऊन शाळेत पळायचे. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत होती. आठवीला पलीकडच्या गावी चालत जावे लागे. आईने वडिलांना एवढेच सांगितले, "ती सकाळी गेली तर माझ्या हाताखाली कोण?" आईचा राग मला तेव्हाही आला नाही, आजही येत नाही. तिला दोनच हात होते. पण माझी आठवी त्या पाट्यावर राहिली, हे खरे.

आता यंत्राकडे वळते.

विजेच्या मोटारीवर पाते फिरवून पदार्थ घुसळण्याचे यंत्र पहिल्यांदा परदेशात झाले. अमेरिकेत स्टीफन पोप्लॉव्स्की या गृहस्थांनी १९२२ साली उभ्या भांड्याच्या तळाशी फिरते पाते बसविले. ते होते दुधाचे पेय घुसळण्यासाठी. नंतर युरोपातल्या कंपन्यांनीही घरगुती यंत्रे काढली. जर्मनीच्या ब्राऊन कंपनीचे स्वयंपाकाचे यंत्र १९५७ साली निघाले. ही यंत्रे चांगलीच होती, पण ती त्यांच्या स्वयंपाकासाठी केलेली. त्यांना काम कसले? दूध, फळे, अंडी, केकचे सैल पीठ. आपल्या स्वयंपाकात हळकुंड, सुके खोबरे, भिजवलेली उडदाची डाळ, धणे आणि लाल मिरची! पाहुण्याला दोन घास वाढावेत आणि त्याच्याकडून शेत नांगरून घ्यावे, तशातला प्रकार.

तसेच झाले. मुंबईला माधुरी माथुर नावाच्या बाई होत्या. त्यांच्याकडे ब्राऊनचा परदेशी मिक्सर होता. आपल्या पद्धतीचे वाटण करता करता त्याची मोटार जळाली. त्या काळी परदेशी वस्तूंची आयात फार अवघड होती, दुरुस्तीही येथे होईना. त्यांचे यजमान सत्यप्रकाश माथुर सीमेन्स कंपनीत इंजिनियर होते. आपल्या स्वयंपाकाला टिकेल असे यंत्र तुम्हीच करा, असा आग्रह माधुरीबाईंनी धरला. त्यातून १९६३ साली त्यांची स्वतःची कंपनी निघाली आणि पुढे जो मिक्सर बाजारात आला त्याचे नाव 'सुमीत'. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या आईने किंवा सासूने हे नाव ऐकलेले असेल. एके काळी काही घरांत मिक्सरला मिक्सर न म्हणता सुमीतच म्हणत.

हे वाचून दाखविताना माझी मुलगी म्हणाली, "आई, म्हणजे शोध लागला तो एका बाईच्या तक्रारीने!" मला ते पटले. यंत्र बांधणारा हात इंजिनियरचा. पण कोणते काम किती कठीण आहे, डाळ कोरडी असेल तर पाते कुठे अडते, हे रोज वाटण करणारीलाच ठाऊक. ती बोलली नसती तर दूध घुसळणारेच यंत्र आपल्या माथी आले असते.

आपल्याकडच्या मिक्सरात वेगळे काय केले, तेही थोडक्यात सांगते. मोटार दणकट घातली. काचेऐवजी स्टीलची भांडी दिली. एकच मोटार आणि तिच्यावर बसणारी तीन भांडी, अशी रीत पडली. मोठे भांडे डाळ-तांदळाच्या ओल्या पिठाला, मधले कोरड्याला आणि लहान चटणीला. म्हणजे पाटा, खलबत्ता आणि रवी एका बैठकीवर आली. भांड्याला आतून उभ्या पन्हळी असतात, त्या शोभेच्या नव्हेत. पदार्थ नुसता गोल फिरत राहू नये, तो कडेला आपटून पुन्हा पात्यावर पडावा म्हणून त्या आहेत. कंपन्या पुढे पुष्कळ झाल्या. मद्रासला, म्हणजे आताच्या चेन्नईला, १९७८ साली 'प्रीती' निघाली. 'सुमीत'ची ती सद्दी पुढे राहिली नाही, पण तीन भांड्यांची रीत मात्र सगळ्यांनी उचलली.

आमच्या सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. त्यांच्याकडे मिक्सर आला तो १९८६ साली, मामंजींच्या बोनसच्या पैशांतून. आत्तींच्या सासूबाई तेव्हा हयात होत्या. त्यांनी आठ दिवस जेवताना नाक मुरडले. "कालवणाला लोखंडाचा वास येतोय," म्हणाल्या. नवव्या दिवशी आत्तींनी वाटण मिक्सरात केले आणि पाट्यावर केले असे सांगून वाढले. सासूबाई म्हणाल्या, "बघ, ह्याला म्हणतात चव!" हे गुपित आत्तींनी मला सांगितले ते माझ्या लग्नानंतर, १९९९ साली, आणि तेही एका फजितीच्या दिवशी.

ती फजिती अशी. गौरीचा सण होता. पुरणपोळीचा नैवेद्य आणि पंक्तीला बारा माणसे. मी घरात नवीन. डाळ शिजली, गूळ आटला, पुरण चांगले घट्ट झाले आणि मी ते गरम गरम मिक्सरात भरून बटण फिरविले. पाते फिरेना. मी आणखी जोराचे बटण दाबले. मिक्सरने एकदा हूं केले, जळका वास आला, खालून धूर निघाला आणि तो गप्प झाला. माझ्या डोळ्यांत पाणीच आले. बोनसच्या पैशांचा मिक्सर, सणाचा दिवस आणि घरात येऊन जेमतेम वर्ष झालेले.

आत्ती आल्या. त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, "जळली तर जळली. तुझा हात भाजला नाही ना? जा, परसातला पाटा धुऊन आण."

पाटा तुळशीमागे भिंतीला टेकवलेला होता. आम्ही दोघींनी तो आत आणला. आत्ती पदर खोचून बसल्या आणि मी समोर बसले. त्या वाटीत आणि मी पुढे सारीत. तेव्हाच त्यांनी ते लोखंडाच्या वासाचे गुपित सांगितले आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की बाहेरची मंडळी डोकावून गेली. पुरण रेशमासारखे झाले. माझा त्या घरातला परकेपणा त्या दिवशी संपला.

पुढे मला कळले की माधुरीबाईंच्या घरचीही मोटारच जळाली होती. फरक इतकाच की त्यांच्या यजमानांनी नवा मिक्सर केला आणि आमच्या ह्यांनी जुना पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात नेला. मोटार पुन्हा बांधून घेतली, ती आणखी सात वर्षे चालली.

त्या दिवसापासून मी मिक्सर समजून घेऊ लागले. पाटा चिरडतो आणि मिक्सर कापतो, हा दोघांतला मुख्य भेद आहे. वरवंट्याखाली लसूण चिरडली जाते, तिचा रस आणि तेल सुटते. मिक्सरचे पाते मिनिटाला हजारो फेरे घेते आणि तीच लसूण बारीक कापते. वेगामुळे भांडे तापते आणि वाटण गरम होते. चव गेली असे काकू म्हणतात ते अगदीच खोटे नाही. पण थोडे जपले तर पुष्कळ साधते.

कोरडे आधी, ओले मागाहून. खोबरे, तीळ, खसखस आधी कोरडीच फिरवावी, मग आले-लसूण, शेवटी कांदा, आणि पाणी चमच्याचमच्याने. आधीच पाणी घातले तर खसखस तशीच राहते. भाजलेला कांदा गार झाल्याशिवाय घालू नये, वाफेने झाकण उडते. दाण्याचे कूट सलग फिरवू नये, तेल सुटून गोळा होतो. बटण थांबवीत थांबवीत फिरवावे. कोथिंबिरीच्या चटणीला गार पाणी घालावे, रंग हिरवा राहतो. भांडे गळ्यापर्यंत भरू नये. घट्ट पुरण तर कधीच नाही! मोटार अडून बंद पडली तर घाबरू नये. पुष्कळ मिक्सरांच्या बुडाशी एक लहान लाल बटण असते. भार जास्त झाला की ते सुटते आणि मोटार वाचते. भांडे काढून, थोडा वेळ गार होऊ देऊन ते दाबावे. माझ्या त्या जुन्या मिक्सरला ते असते तर ही कथा मला सांगावी लागली नसती.

मिक्सरला न जमणारीही कामे आहेत. हिरव्या मिरचीचा ठेचा मिक्सरात केला की त्याची चटणी होते, ठेचा होत नाही. वर्षाची कांदा-लसूण चटणी आपण आजही डंकावर कुटून आणतो. तामिळनाडूत इडलीच्या पिठासाठी विजेवर फिरणारा दगडच केला गेला, कोइमतूरचा वेट ग्राइंडर. म्हणजे दगड सगळाच गेलेला नाही, काही ठिकाणी त्याला नुसती वीज मिळाली.

काय गेले तेही सांगितले पाहिजे. टाकी लावणाऱ्या वडार बायका डोक्यावर पाटे घेऊन आळीतून ओरडत जात. गुळगुळीत झालेल्या पाट्याला छिन्नीने बारीक टाके घालून देत, बदल्यात धान्य आणि पैसे नेत. माझ्या मुलीने ती हाक कधी ऐकली नाही. आपली कंबर वाचली, पण त्यांच्या हातचे काम गेले, याची आठवण ठेवावी.

जात्यावरच्या ओव्याही गेल्या. त्याचा दोष मिक्सरला देतात, पण तो खरा नव्हे. जाते बंद पाडले ते गावोगाव आलेल्या पिठाच्या गिरणीने, मिक्सर त्याच्या मागाहून आला. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या जमवून 'स्त्रीजीवन' हे पुस्तक केले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी हजाराहून अधिक खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. लाखावर ओव्या! बायकांना दुसरीकडे कुठे बोलायला मिळत नव्हते, म्हणून तर त्या जात्याशी बोलल्या. ओवी गोड होती, पण दळण गोड होते असे माझी आई तरी कधी म्हणाली नाही.

आता शेवटचा प्रश्न. वाचलेला वेळ गेला कुठे?

आईकडे मिक्सर आला तो माझ्या लग्नानंतर. धाकट्या बहिणीला वाटणासाठी थांबावे लागले नाही आणि ती दहावी झाली. एवढे पुण्य मी त्या यंत्राच्या पदरी घालते. २०११ साली तामिळनाडू सरकारने रेशनकार्डावर बायकांना मिक्सर, ग्राइंडर आणि पंखा फुकट वाटण्याची योजना काढली, तेव्हा पुष्कळजण हसले होते. मला हसू आले नाही. बाईचा वाटणाचा वेळ ही सरकारच्या हिशेबात धरण्याजोगी गोष्ट आहे, हे कोणीतरी मान्य केले.

पण दुसरी बाजूही आहे. मिक्सर आल्यावर पूर्वी सणाला होणारी इडली दर रविवारी होऊ लागली. एक चटणी होती तेथे दोन झाल्या. "मिक्सर तर आहे, त्यात काय वेळ लागतो?" हे वाक्य प्रत्येकीने ऐकलेले आहे. वेळ वाचला आणि लगेच दुसऱ्या कामाला जुंपला गेला. केंद्र सरकारने देशभर माणसांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली. २०१९ साली घरकाम करणाऱ्या बाईची त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. २०२४ च्या पाहणीत बाईची २८९ झाली आणि पुरुषाची ८८. म्हणजे आपली दहा मिनिटे कमी झाली, तर त्यांनी आपली नऊ कमी करून घेतली! यंत्रे इतकी आली तरी हिशेब काही जुळला नाही. मिक्सरचे बटण फिरवायला बाईचाच हात लागतो असे कोणत्याही कंपनीने लिहिलेले नाही. आमच्याकडे आता रविवारचे वाटण मुलगा करतो. पहिल्या दिवशी झाकण न धरता त्याने भिंत रंगविली. दुसऱ्या रविवारपासून शिकला.

भगिनींनो, आपले मंडळ दुपारी तीनला भरते. तीन वाजता घरातून निघता येते याचे श्रेय गॅसला, नळाला, कुकरला आणि मिक्सरला आहे, आणि ज्यांनी घरात भांडून ही दुपार मिळविली त्या आपल्या थोरल्या बायकांनाही आहे. ही दुपार आपण कोणालाही परत देऊ नये. यंदा मंडळाच्या वाचनवर्गात मी आठवीचे पुस्तक उघडले आहे. गणित अवघड जाते, पण मुलगी शिकवते.

आमचा पाटा अजून आहे. मुलीच्या जन्मानंतर पाचवीच्या पूजेला आम्ही तो मांडला होता. बारशाला वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवले होते. पुढेही लागेल तेव्हा मांडू, हळदकुंकू वाहू. आई आता सत्तरीच्या घरात आहे. मागे ती आली असता मी तिला हा लेख वाचून दाखविला. आठवीचा भाग आला तेव्हा ती काही बोलली नाही. नंतर उठून स्वयंपाकघरात गेली आणि मिक्सर लावता लावता तिथूनच म्हणाली, "तू लिही बसून. वाटण मी करते."